धूळ कुणाच्या वाट्याची

आमच्या फाउंड्रीत पाण्याच्या फिल्टरशेजारी निळा बोर्ड लागला, तेव्हा मला कोअर शॉपमध्ये येऊन सहा वर्षं झाली होती. कोअर म्हणजे वाळूचा ठोकळा. वाळूत रसायन कालवायचं, लोखंडी पेटीत दाबायचं, सुकवायचं, मग कडा कानशीनं घासून साच्याच्या पोटात बसवायला पुढे द्यायचं. त्याच्याभोवती वितळलेलं लोखंड ओततात. लोखंड गार झालं की आतली वाळू फोडून काढतात आणि तिच्या जागी पोकळी राहते. पंपातलं पाणी वाहतं ते त्या पोकळीतून. आम्ही बनवलेले पंपांचे भाग बेळगावातून कंटेनरनं बंदरात आणि तिथून युरोपात जायचे. मला हे माहीत होतं, कारण पेट्यांवरचे पत्ते वाचायची मला खोड होती. बाकीच्या बाया हसायच्या. ‘पेटीसंगं तू बी जा की गं एकदा,’ म्हणायच्या.

मी बेळगावशेजारच्या कंग्राळी गावची सून. घरची शेती आहे, भात होतो, थोडा भाजीपाला होतो. पण दोन भावांची घरं तेवढ्यावर चालत नाहीत, म्हणून मी ठेकेदाराच्या हाताखाली कामाला लागले. लग्नाआधी बी.ए.ची दोन वर्षं झाली होती. त्या दोन वर्षांचं इंग्रजी मोडकंतोडकं का होईना, डोक्यात टिकून होतं.

बोर्डावर इंग्रजी होतं आणि त्याखाली आणखी कुठली तरी परदेशी भाषा. महिनाभर आम्ही त्याच्यासमोर उभं राहून पाणी प्यायलो. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी तो वाचायला घेतला. अडलेले शब्द मोबाइलवर बघितले. मजकूर साधा होता, आमचा माल घेणाऱ्या परदेशी कंपनीचा. आमच्या कंपनीचा माल जगात कुठेही बनत असो, तो बनवणाऱ्याच्या जिवाला किंवा तब्येतीला धोका असेल तर त्यानं आम्हाला कळवावं. कळवणाऱ्याला कुणी त्रास देऊ शकणार नाही. आमच्या देशाच्या कायद्यानं ही आमची जबाबदारी आहे. खाली फोन नंबर आणि ई-मेल.

मी परत एकदा वाचला. जो देश मी नकाशातही नीट शोधला नव्हता, त्याच्या संसदेत कुणीतरी उभं राहून धुळीनं भरलेल्या माझ्या छातीबद्दल बोललं होतं. वाचून मला आनंद झाला असं म्हणणार नाही. राग आला. महिनाभर हे इथं लटकतंय आणि कुणी आम्हाला सांगितलं नाही?

बेळगावात पाटीवरच्या भाषेला काय किंमत आहे, ते इथं राहिल्याशिवाय कळत नाही. खडेबाजारात दुकानाच्या पाटीवर कुठली अक्षरं मोठी आणि कुठली लहान, यावरून मोठमोठी भांडणं झालेली मी बघितली आहेत. आणि जिथं आमच्या जिवाबद्दल लिहिलं होतं, तिथं मराठी नव्हती आणि कन्नडही नव्हतं. त्याबद्दल कुणी एक शब्द काढला नव्हता.

मी ऑफिसात गेले. कामगारांचं बघणारा अधिकारी तरुण होता, कन्नड घरातला, मराठी चांगली बोलायचा.

‘सर, ह्यो बोर्ड कुणासाठी हाय?’

‘ऑडिटसाठी,’ तो कॉम्प्युटरवरची नजर न काढता म्हणाला.

‘ऑडिट येऊन वाचणार हाय व्हय? त्यात कामगारांसाठी लिवलंय.’

‘अहो बाई, गिऱ्हाइकानं लावा म्हटलं, आम्ही लावला. तुम्ही तुमचं काम बघा.’

कोअर शॉपमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर बैलहोंगलकडची एक बाई होती. ती घरी कन्नड बोलायची, माझ्याशी अर्धं मराठी आणि अर्धं कन्नड. मी तिला बोर्डावरचं सगळं समजावून सांगितलं. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, ‘हौदा?’ म्हणजे खरं की काय. आणि लगेच, ‘आक्का, मग आपणच लिव्हूया की.’

दुसऱ्या दिवशी आम्ही खोक्याचा एक मोठा पुठ्ठा घेतला. वर मी मराठीत लिहिलं, खाली तिनं कन्नडमध्ये, मालावर नंबर टाकायच्या काळ्या मार्करनं. आणि कोअर जोडायच्या गमनं तो पुठ्ठा निळ्या बोर्डाखाली चिकटवला. तो गम एकदा सुकला की खरवडूनही निघत नाही. संध्याकाळी अधिकाऱ्यानं एक माणूस पाठवून पुठ्ठा ओढून काढला, पण गम लागलेले दोन तुकडे भिंतीला धरून राहिले आणि त्यांवर ‘धोका’ आणि ‘कळवा’ हे दोन शब्द वाचता येत होते. तसंही तोवर सगळ्यांचं वाचून झालं होतं.

वाचणाऱ्यांत फेटलिंगमधले अण्णा होते. फेटलिंग म्हणजे गार झालेल्या लोखंडाला चिकटलेली वाळू आणि वरचे कंगोरे ग्राइंडरनं घासून काढायचं काम. तिथं एवढी धूळ उडते की दुपारी दिवे लावावे लागतात. त्यांची शेड आणि आमचं कोअर शॉप यांच्यामध्ये भिंत नव्हती. अण्णा आमच्याच गावचे. पंचवीस वर्षांच्या वर त्यांनी तोंडाला रुमाल बांधून ग्राइंडर चालवला होता. आता दहा पावलं चालले की थांबायचे. दोनदा त्यांना टीबीची औषधं सुरू झाली, दोनदा कोर्स पुरा झाला, खोकला तसाच. शेवटी त्यांचा जावई त्यांना मिरजेला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरनं एक्स-रे बघून पहिला प्रश्न विचारला, काम काय करता? आणि कागदावर लिहून दिलं, हा टीबी नाही, वाळूच्या धुळीनं फुप्फुस कडक झालंय.

तो कागद घेऊन अण्णा ऑफिसात गेले, तर त्यांना सांगण्यात आलं की हा महाराष्ट्रातल्या डॉक्टरचा कागद आहे, इथं चालत नाही.

‘पोरी,’ ते मला म्हणाले, ‘माझ्या छातीला आता कंचं राज्य लावायचं गं?’

हसत म्हणाले, पण हसता हसता त्यांना जो खोकला लागला तो थांबेना. मी त्यांना भिंतीला टेकवून बसवलं. त्या दिवशी माझं ठरलं, हे कळवायचं.

पुढच्या महिन्यात ऑडिट आलं, म्हणजे गिऱ्हाइक कंपनीची तपासणी. आदल्या दिवशी आम्हाला उत्तरं पाठ करायला दिली. मास्क मिळतो का? रोज मिळतो. डॉक्टर तपासतो का? वर्षातून एकदा. सकाळी नवे मास्क वाटले. अण्णांना आणि ठेकेदाराच्या निम्म्या माणसांना सुट्टी दिली. फेटलिंगचे ग्राइंडर बंद, शेड धुऊन काढलेली. इतकी स्वच्छ की आम्हालाच ओळखू येईना.

कंपनीकडून आलेली बाई साठीच्या आसपासची होती, केस पिकलेले, पायात जाड बूट. सोबत बेंगळूरूचा दुभाषा. कँटीनमध्ये टेबल टाकून ती एकेकाला बोलवत होती, पण यादी ऑफिसनं दिलेली. त्यात माझं नाव नव्हतं. चहाच्या वेळी मी हात पुसले आणि सरळ आत गेले. दुभाषा काही विचारायच्या आत मी बाईंच्या तोंडाकडे बघून म्हणाले, ‘मॅडम, टुडे मशीन ऑफ. ऑल क्लीन फॉर यू. यू कम टुमारो. डोन्ट टेल. देन यू सी.’

दारात अधिकारी उभा होता. त्याचा चेहरा पांढरा पडला.

बाईंनी माझ्याकडे बघितलं, वहीत काहीतरी लिहिलं, थँक यू म्हणाल्या. मला वाटलं, संपलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता त्यांची गाडी फाटकावर आली. ग्राइंडर चालू होते. त्यांनी पिशवीतून स्वतःचा भारी मास्क काढून तोंडाला लावला आणि त्या फेटलिंगच्या शेडमध्ये पाच मिनिटं उभ्या राहिल्या. अण्णा कामावर आले होते. मी त्यांना पुढे केलं. त्यांनी खिशातून मिरजेचा कागद काढून दिला. बाईंनी त्याचा फोटो घेतला. तो कागद कुठल्या राज्यातला, हे त्यांनी विचारलं नाही.

मला वाटलं होतं, आता मशीन येईल, धूळ ओढून घेणारे पंखे येतील. महिन्याभरानं आली ती वेगळीच बातमी. कंपनीनं आमच्या फाउंड्रीची ऑर्डर थांबवली. ‘धोका आढळल्यामुळे तात्पुरती स्थगिती.’ एक पाळी बंद झाली. ठेकेदार मला फाटकावरच म्हणाला, ‘उद्यापास्नं येऊ नका.’ कारण विचारलं तर हात वर केले. ‘मला सांगितलंय तेवढं मी सांगतोय.’

दुसऱ्या दिवशी बाजाराला निघाले, तर गावच्या बस स्टॉपवर शेजारीण भेटली. तिचा नवरा भट्टीवर होता, त्याची पाळी गेली होती. बसला अजून वेळ होता आणि आजूबाजूला सगळे ओळखीचे.

‘झालं समाधान?’ ती म्हणाली. ‘तुझ्या इंग्रजीनं आमच्या चुलीत पाणी वतलंस.’

बस आली, मी चढले नाही. घरी परत गेले आणि तीन दिवस बाहेर पडले नाही. नवरा एवढंच म्हणाला, ‘आता पुरं कर.’ तो रागानं बोलला नाही, त्यामुळे जास्तच लागलं. त्या तीन दिवसांत मी पुन्हा पुन्हा तेच आठवत राहिले. त्या बाई शेडमध्ये उभ्या राहिल्या, त्यांनी धूळ बघितली, फोटो घेतले. मग त्यांच्या देशात कुणीतरी टेबलावर बसून विचार केला, ही धूळ आपल्या अंगाला लागायला नको, आणि हात झटकून मोकळे झाले. माल दुसरीकडून घेतील. तिथंही फेटलिंग असेलच. तिथंही कुणी अण्णा रुमाल बांधून उभे असतील. कायदा आमच्यासाठी होता आणि त्याचा उपयोग त्यांनी स्वतःला वाचवायला केला.

चौथ्या दिवशी शेजारच्या टेबलावरची माझी कन्नड मैत्रीण घरी आली. तिची नोकरी अजून होती. ती म्हणाली, ‘हेदरबेड आक्का.’ घाबरू नको. ‘मालकाकडं जाऊया. मी येतो संगं.’ ती मराठीत नेहमी पुरुषासारखं बोलायची, येतो, जातो. त्या दिवशी ते मला फार बरं वाटलं.

मालकांनी आम्हाला केबिनमध्ये बसू दिलं, हेच आश्चर्य. वयस्कर माणूस, स्वतः एके काळी भट्टीवर उभा राहिलेला. आधी ते खूप चिडले. मग टेबलावरचा कागद उचलून आमच्यासमोर आपटला.

‘हे बघा! वाचता येतं न्हवं तुम्हाला? दर वर्षी भाव कमी करा म्हणून पत्र येतंय. ह्या वर्षी बी आलंय. एका हातानं भाव कापायचा आन दुसऱ्या हातानं बोर्ड लावायचा! धुळीची मशीन काय झाडाला लागत्यात? नवीन कायदा त्यांचा, खर्च माझा. आता म्हणं लोखंड वतताना धूर किती झाला त्याचा बी हिशोब पाठवा, न्हाय तर माल घेणार न्हाय. मी फाउंड्री चालवू का त्यांचे फॉर्म भरू?’

मी कागद वाचला. खरंच होतं. ज्या कंपनीनं बोर्ड लावला, तिनंच तीन महिन्यांपूर्वी भाव उतरवायला सांगितलं होतं, आणि अगदी गोड भाषेत. आतापर्यंत मला मालकांचाच राग होता. तो गेला असं नाही, अण्णांचा कागद त्यांच्याच ऑफिसनं फेटाळून लावला होता. पण राग आता आणखी पुढे, समुद्रापार पोचला.

‘साहेब, हे त्यांना सांगितलंत?’

‘मी सांगितलं तर ऑर्डर कायमची जाईल.’

‘मग आम्ही सांगतो.’

‘तुम्ही कोण सांगणार?’

‘बोर्डावर तक्रारीचा नंबर आमच्यासाठी लिवलाय साहेब, तुमच्यासाठी न्हाय.’

ते खुर्चीत मागे टेकून म्हणाले, ‘लिव्हा काय लिव्हायचं ते. पण माझं पत्र तुम्हाला कुणी दावलं, हे लिवू नका.’

रविवारी दुपारी आमच्या पडवीत आम्ही ते पत्र लिहिलं. मी, मैत्रीण, अण्णा आणि, मला अजून नवल वाटतं, बस स्टॉपवर बोललेली शेजारीण. ती नवऱ्याला घेऊन आली. म्हणाली, ‘ऑर्डर परत आणणार असशील तर माझं बी नाव घाल.’ मी सांगितलं, ‘फक्त ऑर्डर न्हाय, धूळ बी जायला पायजे.’ ती म्हणाली, ‘दोन्ही लिव की मग. लिवायला कुणी अडवलंय?’

आम्ही लिहिलं की तुम्ही आमची धूळ बघितलीत, त्याबद्दल आभार. पण बघून निघून जाणं ही जबाबदारी नव्हे. आम्ही वर्षानुवर्षं स्वस्तात बनवलेला माल तुम्ही घेतला, तेव्हा त्या स्वस्ताईत आमच्या फुप्फुसांचा वाटा होता. आता ऑर्डर परत द्या, भाव कापणं थांबवा, धूळ ओढणारी मशीन बसवा आणि त्याचा निम्मा खर्च तुम्ही उचला. ज्या बाईनं सांगितलं तिला कामावर घ्यायला लावा. आणि पुढच्या वेळी दुभाषा पाठवाल तेव्हा कन्नड आणि मराठी दोन्ही येणारा पाठवा. खाली अठ्ठावीस सह्या झाल्या. काही मराठीत, काही कन्नडमध्ये. मोबाइलच्या मदतीनं मी त्याचं इंग्रजी केलं आणि बोर्डावरच्या ई-मेलवर धाडलं.

पहिलं उत्तर आलं ते मशीननं लिहिल्यासारखं, तुमचा संदेश मिळाला. मी दर सोमवारी तेच पत्र परत पाठवत राहिले. पाचव्या सोमवारनंतर त्यांनी व्हिडिओवर बोलायला बोलावलं. आम्ही मालकांच्या केबिनमध्ये बसलो, मालक बाहेर थांबले. पडद्यावर तिघं होते आणि पुण्याची एक दुभाषी मुलगी. मराठी तिची शुद्ध, कन्नड येत नव्हतं. मैत्रिणीचं कन्नड बोलणं मला मराठी करून तिला सांगावं लागलं, मग तिनं इंग्रजी केलं. एक वाक्य तीन भाषांतून जात होतं. पण पोचत होतं.

पडद्यावरचा माणूस म्हणाला, ही सगळ्यांची सामायिक जबाबदारी आहे, पुरवठादारानंही आपला भाग उचलायला हवा.

अण्णा पुढे सरकून म्हणाले, ‘सायबाला सांगा, माझा भाग मी उचललाय. तो माझ्या छातीत हाय. आता त्यांचा भाग कुठं हाय ते दावा म्हणावं.’

दुभाषी मुलीनं ते जसंच्या तसं सांगितलं असावं, कारण पडद्यावरच्या माणसानं पेन उचलून ते लिहून घेतलं.

सगळं मिळालं नाही. ऑर्डर परत आली, पण आधीपेक्षा कमी. त्या वर्षी भाव कापला नाही, खर्चाचा काही भाग त्यांनी दिला, निम्मा नाही. फेटलिंगच्या प्रत्येक जागेवर धूळ ओढणारी नळी बसली आणि दोन शेडच्या मध्ये भिंत उभी राहिली. मला कामावर घेतलं, ठेकेदारामार्फतच. अण्णांना हलकं काम दिलं, पेट्यांवर नंबर टाकायचं, पण बसल्या जागीही त्यांना दम लागायचा. सहा महिन्यांनी त्यांनी काम सोडलं. गेलं ते गेलं, फुप्फुस काही परत येत नाही. त्यांच्या जागी ग्राइंडरवर आलेला माणूस संध्याकाळी घरी जाताना पांढरा दिसत नाही, एवढं मात्र मी रोज बघते.

नंतर मोबाइलवर वाचलं की तिकडे तोच कायदा पातळ करायला निघालेत. तिथल्या कंपन्यांनी म्हणे सरकारकडे रड लावली, या कायद्याचा जाच होतो, धंदा चालत नाही. ज्या निवडणुकीत मला मत नाही, तिच्यावर माझ्या शेडमधली हवा अवलंबून. मी मैत्रिणीला सांगितलं. तिला वाटलं मी रडणार. मी म्हणाले, ‘त्यांचा कायदा त्यांना लखलाभ. आपला कुठं हाय?’

आपलाही होताच. कारखान्यातली धूळ बाहेर काढण्याबद्दल आपल्या देशाचा कायदा माझ्या जन्माच्याही आधीपासून आहे, आणि कामामुळे होणाऱ्या आजारांच्या त्याच्या यादीत अण्णांचा आजार लिहिलेला आहे. तो कुणी आमच्या भिंतीवर लावला नाही, म्हणून आम्हाला परदेशातून कळावं लागलं. तो मी शोधला, सावकाश वाचला. मैत्रिणीनं त्याचं कन्नड मिळवलं.

गेल्या महिन्यात आम्ही सातजणी कारखान्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी ऑफिसात गेलो. आमच्याबरोबर दुसऱ्या दोन फाउंड्रीतल्या बायाही होत्या. अर्ज कन्नडमध्ये, सोबत मराठी प्रत. मागणी एकच, आमच्या औद्योगिक वसाहतीतल्या सगळ्या फाउंड्रीत धूळ मोजा आणि कामगारांची छाती तपासा, डॉक्टर कुठल्याही राज्यातला असो.

टेबलामागच्या माणसानं अर्ज उलटून पालटून बघितला.

‘कुठल्या युनियनच्या तुम्ही?’

‘कुठल्याच न्हाय,’ मी म्हणाले. ‘आम्ही काम करतो तिथं.’

‘साहेब बाहेर गेलेत. ठेवून जा.’

‘पोच दिल्याशिवाय जाणार न्हाय,’ मैत्रीण कन्नडमध्ये म्हणाली आणि त्याच्यासमोरच्या बाकावर बसली. तिच्या शेजारी मी बसले, मग बाकीच्या. बाक पुरेना, तेव्हा दोघी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. त्यानं पंख्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, आणि शेवटी ड्रॉवर उघडून शिक्का शोधायला लागला.